प्रौढांचा शास्त्राभ्यास वर्ग घेणाऱ्या नव्यांसाठी: याकोबाच्या पत्राचे आठ आठवडे

मंडळीतला प्रौढांचा वर्ग पहिल्यांदाच तुमच्याकडे आला असेल, तर विषय शोधत बसू नका, पुस्तक ठरवा. 'विश्वास आणि रोजचं जीवन' असा विषय जाहीर केला की प्रत्येक जण आपली पाठ असलेली वचनं घेऊन येतो, चर्चा रंगते आणि घरी जाताना कुणाच्याही हाती काही नसतं. नव्यानं वर्ग घेणाऱ्यानं बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र घ्यावं. पाच अध्याय, १०८ वचनं. मोठ्यानं वाचलं तर पंधरा-वीस मिनिटांत संपतं. पाहुण्याला कुठे बसवायचं, जीभ कशी आवरायची, मजुरी कधी द्यायची, उद्याचे बेत कसे आखायचे, आजाऱ्यानं कुणाला बोलवायचं, हे सगळं त्यात आहे.

आठ पाठांची वाटणी अशी करा (आधी अध्याय, मग वचनं): १:१-१८, १:१९-२७, २:१-१३, २:१४-२६, ३:१-१२, ३:१३ ते ४:१२, ४:१३ ते ५:६ आणि शेवटी ५:७-२०. दुसऱ्या अध्यायाचे दोन पाठ वेळ वाचवायला म्हणून एकत्र करू नका. पुढे जे सांगणार आहे ते तिथेच लागतं.

डिसेंबरात वर्ग सुरू करू नका. गाण्याच्या तालमी आणि नाताळची तयारी यांत अर्धी माणसं गळतात. मे महिना लग्नांचा आणि गावी जाण्याचा. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचा काळ उत्तम, पण त्याच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून, ईस्टरपर्यंत साडेसहाच आठवडे मिळतात. आठ पाठ बसवायचे तर दोन आठवडे आधी सुरुवात करा. रविवारी उपासना संपल्याबरोबर वर्ग ठेवला की सगळ्यांचं लक्ष घरच्या स्वयंपाकाकडे लागतं. मधल्या वारी संध्याकाळी साडेसातला कुणाच्या तरी घरी बसणं जास्त टिकतं. माणसं आठ ते बारा असावीत. पंधराच्या वर गेली तर दोन गट करा, कारण पंधरा जणांत चौघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात.

एकूण वेळ सव्वा तास. पाच मिनिटं एक पद. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात कवी नारायण वामन टिळकांची पदं आहेतच, आणि चाल सगळ्यांना येत असल्यामुळे गाताना कुणी परकं राहत नाही. मग दहा मिनिटं मागच्या आठवड्याचा आढावा. दहा मिनिटं वाचन, तोच शास्त्रभाग दोन वेगळ्या आवाजांत दोनदा. पंचवीस मिनिटं 'इथे काय लिहिलं आहे' यासाठी, पंधरा मिनिटं 'याचा अर्थ काय' यासाठी, शेवटची दहा 'या आठवड्यात काय करायचं' आणि प्रार्थना. पंचवीस मिनिटांचा भाग सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि नवा शिक्षक तोच कापतो. तो कापू नका.

आता मुख्य धोका. शास्त्र चांगलं माहीत असलेल्यालाच तो गाठतो, म्हणून सविस्तर लिहितो. धोका आहे वचनावरून वचनावर उडी मारण्याचा. कुणी तरी म्हणतं, "हेच पौलानंही म्हटलंय बघा," पानं उलटली जातात, तिथून कुणाला स्तोत्रसंहिता आठवते, तिथून यशया. वीस मिनिटांत सहा पुस्तकं फिरून होतात. सगळ्यांना वाटतं, काय सखोल अभ्यास झाला! प्रत्यक्षात समोरचा शास्त्रभाग कुणीच वाचलेला नसतो.

चौथा पाठ घ्या. २:१४-२६. विश्वास आणि कृती. २:२४ वाचून होताच कुणी तरी पौलाच्या पत्रातलं रोमकरांस ३:२८ काढणार, हे धरूनच चला. एकीकडे माणूस केवळ विश्वासानं नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो, दुसरीकडे नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासानं ठरतो. प्रश्न खरा आहे आणि जुनाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं नव्या कराराच्या १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं होतं. पण हा वाद पंधराव्या मिनिटाला सुरू झाला तर काय होतं ते पाहा. २:१५-१६ मध्ये एक भाऊ किंवा बहीण उघडीनागडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि तिला 'सुखानं जा' म्हणून रिकाम्या हातानं पाठवलं जातं. वर्ग रोमकरांसच्या पत्रात गेला की ती उपाशी बहीण सगळ्यांच्या नजरेआड होते. आपण तिला पुन्हा एकदा तसंच पाठवतो. उडी मारण्यामागे बहुतेक वेळा ज्ञानाची हौस असते, पण समोरच्या वचनापासून सुटकाही असते. ती सुटका ओळखायला शिका, स्वतःत आधी.

उपाय साधा आहे. भिंतीवर एक कोरा कागद लावा. दुसऱ्या पुस्तकातलं वचन कुणी काढलं की आदरानं म्हणा, "काकू, हे इथे लिहून ठेवतो, शेवटी उघडू," आणि खरोखर लिहा. शेवटच्या दहा मिनिटांआधी त्यातलं एकच उघडा. चौथ्या पाठात रोमकरांस उघडाल तेव्हा ४:३ पर्यंत वाचा. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचं तेच वचन घेतात, उत्पत्ती १५:६. याकोब मात्र अब्राहामाच्या मुलाच्या, इसहाकाच्या अर्पणापर्यंत, म्हणजे उत्पत्ती २२ पर्यंत जातो. एक जण सुरुवातीचा विश्वास दाखवतो, दुसरा वर्षांनंतर त्याच विश्वासाला आलेलं फळ. हे कळायला दहा मिनिटं पुरतात, पण शास्त्रभाग आधी नीट वाचलेला असेल तरच.

उडी मारण्याची सवय घरात टांगलेल्या वचनांच्या तक्त्यांनीही लागते. फिलिप्पैकरांस ४:१३ परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात, पण आधीची दोन वचनं विपन्नावस्थेत आणि संपन्नतेत सारखंच समाधानी राहण्याबद्दल आहेत. यिर्मया २९:११ नोकरी लागावी म्हणून वाचतात, पण २९:१० मध्ये बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत. मत्तय १८:२० वरून 'दोघे-तिघेच आले तरी चालेल' म्हणतात, पण तो अख्खा भाग चुकलेल्या भावाशी समेट करण्याचा आहे. पाठांतर वाईट नाही, मी तर ते जोरानं सुचवीन. फक्त प्रत्येक वचन मागच्या-पुढच्या चार वचनांसकट पाठ करा.

घाबरू नका. पहिल्या दोन आठवड्यांत वर्ग तुमच्या हातून निसटणारच. तिसऱ्यापासून लोक स्वतःच त्या कागदाकडे बोट दाखवू लागतात.

तयारीला चार दिवस लागतात. पहिल्या दिवशी सगळं पत्र मोठ्यानं वाचा. दुसऱ्या दिवशी फक्त आपला शास्त्रभाग, आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. तिसऱ्या दिवशी तीन प्रश्न लिहा: एक पाहण्याचा, एक अर्थाचा, एक आठवड्याचा. 'यातून काय बोध मिळतो?' हा प्रश्न लिहिलात तर खोडा, कारण त्याचं उत्तर वाचल्याशिवायही देता येतं. '२:३ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला काय सांगितलं आणि गरिबाला काय?' हा प्रश्न चांगला. चौथ्या दिवशी टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणारं पुस्तक, उघडा, आधी नाही. व्हॉट्सॲपवर आलेला तयार पाठ मुळीच वापरू नका. तो वाचून दाखवणाऱ्याचा आवाज पहिल्या मिनिटाला ओळखू येतो आणि वर्ग तिथेच झोपतो.

प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. उत्तर स्वतः देऊ नका. तीनदा दिलंत की चौथ्यांदा कुणी तोंड उघडत नाही.

वाचनासाठी दोन भाषांतरं ठेवा: बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेवटची अनेक वर्षं बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरासाठी खपून घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही शास्त्र समजावं हा त्यांचा ध्यास होता. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्यांचं पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आलं. तीच काळजी वर्गात घ्या. रांगेनं एकेक वचन वाचायला लावू नका. ज्या आजींना वाचता येत नाही त्या पुढच्या आठवड्यापासून गुडघेदुखी सांगतात.

आठवड्याचं काम लहान आणि ठरलेलं असावं. 'सर्वांवर प्रेम करू' हे काम होत नाही. तिसऱ्या पाठानंतर: रविवारी ज्यांच्याशी कधी बोललो नाही त्यांच्या शेजारी बसायचं. पाचव्यानंतर: सात रात्री दहा मिनिटं दिवसाची उजळणी. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांची पाच पायऱ्यांची रीत इथे उपयोगी पडते: आभार, प्रकाशाची विनंती, दिवस तपासणं, क्षमा मागणं, उद्याचा निश्चय. ती कॅथलिक परंपरेतली म्हणून कुणी बिचकलं तर पायऱ्याच सांगा, नाव नंतर. सातव्या पाठात ५:४ आहे, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी. घरकामाच्या ताईंचे, ड्रायव्हरचे पैसे ठरल्या तारखेला गेले का, हे प्रत्येकानं तपासावं.

प्रार्थनेच्या विनंत्यांत चहाडी शिरते, हे स्पष्ट सांगतो. नियम करा: विनंती एका वाक्यात आणि फक्त स्वतःबद्दल. दुसऱ्याच्या घरचं सांगायचं तर आधी त्याची परवानगी. आठव्या पाठात ५:१६, एकमेकांपाशी पातकं कबूल करण्याचं वचन, येतं तेव्हा वर्गात कुणालाही कबुलीला उभं करू नका. जोडीदार निवडून घरी, दोघांतच. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, हा वाद निघाला तर भिंतीवरच्या कागदावर लिहा आणि पाळकसाहेबांकडे द्या.

मार्गदर्शक शोधताना उत्तम बोलणाऱ्याच्या मागे जाऊ नका. मंडळीत एखादी बाई असते जी वर्षानुवर्षं न चुकता पहाटे मनन करते आणि सभेत कधी बोलत नाही. तिला दर पाठानंतर एकच विचारा, "आज कोण गप्प राहिलं?" त्यांची नावं वहीत लिहा आणि पुढच्या पाठाचा पहिला सोपा प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवा. सहाव्या पाठापासून आढाव्याची दहा मिनिटं वर्गातल्याच कुणाकडे द्या. आठ पाठ संपल्यावर दोन आठवडे सुट्टी, मग मार्काचं शुभवर्तमान, सोळा अध्याय. त्याचे पहिले दोन पाठ त्याच माणसाला घेऊ द्या आणि तुम्ही मागे बसा.