वृद्धनिवासात जाताना सामान उशापासून बांधा

बांधाबांध कपाटापासून नको, पलंगाच्या उशापासून सुरू करा. चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राचे सेल, बाम, रात्री चाचपडत हात जातो ती बॅटरी हे सगळं कुठल्या बाजूला असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि नव्या खोलीत तसंच्या तसं मांडा. पलंगावरून डावीकडे उतरायची सवय असेल तर तीच बाजू मोकळी ठेवा. रात्री बाथरूमला उठताना झोपेत पाय सवयीच्याच बाजूला जातात.

कपडे मोजकेच, पण अंगवळणी पडलेले. धुलाई बहुतेक ठिकाणी सगळ्यांची एकत्र होते, म्हणून आतून नावाची पट्टी शिवा. पेनाची शाई धुऊन धुऊन पुसट होते. औषधं मूळ पाकिटातच, सोबत डॉक्टरांची ताजी चिठ्ठी. सुटा गालिचा कितीही लाडका असला तरी नको, पाय अडकतो.

बाकी काय न्यायचं ते राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांनाच ठरवू द्या. आपल्याला अडगळ वाटणारा जुना रेडिओच बहुधा पहिला नंबर लावतो! फक्त खोलीचं आणि दाराचं माप आधी घ्या, म्हणजे आरामखुर्ची दारातूनच परत आणायची वेळ येणार नाही.