नोकरी स्वीकारताना सोयी-सवलती कशा तोलाव्यात

नागपुरात मिहान, हिंगणा किंवा बुटीबोरी येथील कंपनीचे ऑफर लेटर हाती पडले की नजर आधी पगाराच्या आकड्यावर खिळते. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षे आठवण काढतात ती सवलतींची. म्हणून होकार देण्यापूर्वी त्या लेखी मागून घ्याव्यात.

प्रथम कंपनीच्या बसची चौकशी करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सीताबर्डीहून बुटीबोरीपर्यंत रोज दुचाकी हाकणे म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. बस कोणत्या चौकातून सुटते, दुसऱ्या पाळीनंतर रात्री घरी सोडते का आणि तिचे पैसे पगारातून कापतात का, हे तेथे काम करणाऱ्यालाच विचारावे, कारण मुलाखतीत बहुधा गोड उत्तरेच मिळतात.

गट आरोग्य विम्यात आई-वडिलांचा समावेश आहे का आणि जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे पाहावे. वृद्धांसाठी स्वतंत्र पॉलिसी फार महाग पडते. त्यामुळे माझ्या मते हीच सवलत सर्वांत मोलाची.

कायद्याने जे द्यावेच लागते, ते मेहेरबानीत मोजू नये. पात्र महिलांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय, हा हक्कच आहे. दिवाळीच्या मिठाईचा डबाही हिशेबात धरू नये.

सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यावर करत असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यात, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा धरलेला असल्यास तो वजा करूनच दोन नोकऱ्यांची तुलना करावी.