खुनी सांगू नका, पण काहीतरी सांगा : परीक्षण लिहिताना या चुका टाळा

सांगलीतल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी २४ वर्षं बसले. आता आमच्याच काही जुन्या वाचकांनी चालवलेल्या छोट्या मासिकाचं परीक्षणांचं पान बघते. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, मुलांच्या जादूच्या गोष्टी आणि हल्ली भसाभस येणाऱ्या 'उद्याचं जग कसं नासलं' छापाच्या कादंबऱ्या, असं सगळं माझ्या वाट्याला येतं. 'गंभीर' पुस्तकं एक निवृत्त प्राध्यापक बघतात. महिन्याला दहा-बारा परीक्षणं येतात, निम्मी परत जातात, आणि परत जायची कारणं वर्षानुवर्षं तीच. फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सुरुवात माझ्याच चुकीने करते. नोकरीत नवी होते तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर 'या आठवड्याचं पुस्तक' म्हणून एका रहस्यकादंबरीवर पानभर मजकूर लावला होता. खुनी कोण हे अर्थातच लिहिलं नव्हतं. शेवटी फक्त एक वाक्य होतं : 'कंपाउंडरची छोटीशी भूमिका लेखकाने फार बारकाईने रंगवली आहे.' मला वाटलं, काय चोखंदळ वाचक मी! तिसऱ्या दिवशी एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, चाळीसाव्या पानावर कंपाउंडर आला आणि माझं पुस्तक तितंच संपलं. आता या महिन्याची वर्गणी तुम्ही भरा."

वर्गणीचं ते गमतीने म्हणाले होते. बाकीचं नाही. त्या दिवसापर्यंत मी मुखपृष्ठामागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने 'खुनी = काका' लिहून ठेवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. हा रोग वाचनालयांत जुनाच आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या ज्या झिजलेल्या प्रती आमच्याकडे होत्या त्यांवर मी किती खोडरबर झिजवले असतील, मोजदाद नाही. आणि मी स्वतः तेच केलं होतं, फक्त शुद्ध मराठीत आणि खाली सही करून.

रहस्य नुसत्या नावात नसतं, हे तेव्हा कळलं. कुणाची स्तुती केली, कुणाला सोयीस्कर वगळलं, कुठे 'लक्षपूर्वक वाचा' म्हटलं, यातूनही ते गळतं. 'शेवटी असा धक्का बसतो की...' हे वाक्य तर मी आता दिसताक्षणी खोडते. धक्का बसणार हे सांगितलं की वाचक पहिल्या पानापासून अंग चोरूनच बसतो. 'निवेदकावर विश्वास ठेवू नका' ही तर हुशारीच्या वेषातली चुगली. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून लंडनमध्ये चालू आहे (मध्ये करोनाने बंद होतं तेवढंच), आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना शेवट कुणाला न सांगण्याची विनंती करतात. तरीही त्या नाटकाबद्दल इतकी वर्षं लोक लिहीत आलेच ना?

माझी सवय अशी : पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जे घडतं तेवढंच कथानक सांगायचं. पुढचं फक्त 'मला काय झालं' या अंगाने. आणि परीक्षण छापायला जाण्याआधी आमच्या ह्यांना वाचायला द्यायचं. ते रहस्यकथांना हात लावत नाहीत, त्यामुळे उत्तम. वाचून झाल्यावर विचारते, "कोण वाटतो खुनी?" त्यांनी बरोबर ओळखलं तर ज्या वाक्यावरून ओळखलं ते वाक्य जातं.

पण याच्या उलट टोकाचे लोक मला जास्त छळतात. शेवट फुटेल या भीतीने ते काहीच सांगत नाहीत. 'कथा काय आहे ते सांगून रसभंग करत नाही, प्रत्यक्षच वाचा.' अहो, मग तुम्ही लिहिलंत कशाला? खून गावात होतो की शहरात, तपास पोलीस करतो की शेजारची बाई, काळ मोबाइलच्या आधीचा की नंतरचा, रक्त किती सांडतं, मधली शंभर पानं रेंगाळतात का, हे सगळं खुन्याला हात न लावता सांगता येतं. घरात सातवीतला पोरगा असलेल्या आईला त्यातलं रक्ताचं फार महत्त्वाचं असतं. टेबलावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न तोच.

आता दुसरी चूक, जिच्यावर माझा खरा राग आहे. 'करमणूकप्रधान असली तरी वाचनीय.' 'बालवाङ्मय असूनही दर्जेदार.' 'रहस्यकथा असली तरी भाषा चांगली.' हे 'असली तरी' म्हणजे पाहुण्याला पाट मांडायचा आणि तो उंबऱ्याबाहेर मांडायचा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे बघून कुणी कथा मापू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याकडे मात्र कपाटावरची पाटी वाचून माप बदलणारे पुष्कळ.

आमच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा करणारा माणूस हळकुंड मोडून आतला रंग बघतो. गुळाच्या ढेपेला तो वेगळ्या नजरेने बघेल. हळद गोड नाही म्हणून कुणी नाक मुरडत नाही. प्रत्येक प्रकारची गोष्ट वाचकाशी काहीएक बोली करते, आणि ती बोली पाळली का हे बघणं परीक्षकाचं काम. रहस्यकथेची बोली अशी की धागेदोरे तुमच्यासमोर ठेवले जातील. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतःही रहस्यकथा लिहायचा, दहा नियम मांडले होते. गुप्तहेराला योगायोगाने उत्तर सापडू नये, त्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, जुळे भाऊ आधी चाहूल दिल्याशिवाय उपटू नयेत, वगैरे. चांगल्या लेखकांनी हे नियम खुशाल मोडलेत. पण काय मोडलं आणि का, हे परीक्षकाला तरी कळायला हवं की नको?

एका तरुणाने लिहून पाठवलं, 'शेवट ओढूनताणून आणलेला, खुनी आकाशातून पडल्यासारखा.' मला शंका आली. पुस्तक काढलं. एक्केचाळिसाव्या पानावर तो माणूस डाव्या हाताने कुलूप उघडताना दाखवला होता, एकशे तिसाव्या पानावर परत तोच हात होता, आणि सगळा उलगडा त्या हातावरच होता. फोन केला तर म्हणतो, "मावशी, मधली पानं जरा भराभर बघितली होती." जरा! शेवट पटला नाही तर आधी मागे जाऊन धागे होते का ते तपासायचं, मगच लेखकाला दोष द्यायचा. मी रहस्यकथा वाचताना दोन-तृतीयांशावर थांबते आणि हाताला लागेल त्या कागदावर, बहुतेक वेळा एसटीच्या तिकिटावर, संशयिताचं नाव आणि पान क्रमांक लिहिते. चुकले तर चुकले कुठे हे नंतर सापडतं. परीक्षणाचा निम्मा मजकूर त्या तिकिटावरच असतो.

मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत ही मापाची चूक फारच केविलवाणी होते. बोलणारा कावळा असलेल्या एका पुस्तकावर एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कावळ्याचं बोलणं वास्तवाला धरून नाही आणि त्याने मुलांच्या वैज्ञानिक दृष्टीवर परिणाम होईल. मी परीक्षण परत पाठवलं आणि पुस्तक शेजारच्या तिसरीतल्या मुलीला दिलं. चार दिवसांनी ती म्हणाली, "आजी, कावळा म्हणतो ते दार फक्त अमावास्येला उघडतं. मग त्याला पळायचं होतं तेव्हा असंच कसं उघडलं?" मी पान काढून बघितलं. खरंच उघडलं होतं, अमावास्या नसताना, नायकाची अडचण होती म्हणून. मुखपृष्ठावर स्तुती करणाऱ्या एकाही मोठ्या माणसाला ते दिसलं नव्हतं. अद्भुतात कावळा बोलू दे, डोंगर चालू दे, पण एकदा सांगितलेला नियम लेखकाने पाळला पाहिजे किंवा मोडल्याची किंमत तरी मोजली पाहिजे. पोरं या बाबतीत सावकारापेक्षा कडक असतात.

म्हणून मुलांच्या पुस्तकाचं परीक्षण लिहायचं तर एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय लिहू नका. कुठे जांभई आली, कुठे 'पुढं?' आलं, ते टिपून ठेवा. नेमकं वय लिहा. 'बालगोपाळांसाठी' हे वय नव्हे. आणि कृपा करून 'या पुस्तकातून मुलांना काय शिकवण मिळते' हा परिच्छेद गाळा. पोरगी सुट्टीत पुस्तक वाचतेय, सत्यनारायणाची पोथी नाही.

डिस्टोपियन, म्हणजे त्या नासलेल्या उद्याच्या, कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्यांची तऱ्हाच वेगळी. पुस्तक चार ओळींत उरकायचं आणि पुढे अग्रलेख. सरकार, मोबाइल, कॅमेरे, आजची तरुण पिढी, सगळ्यांचा समाचार. मग जॉर्ज ऑर्वेल येतोच. त्याची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली आली आणि ती भविष्यपत्रिका नव्हती. डोळ्यांसमोरच्या हुकूमशाह्या बघून त्याने लिहिली. 'भाकीत किती खरं ठरलं' या मापाने अशा पुस्तकाला गुण देऊ नका. ते जग आतून उभं राहतं का, त्यातली माणसं सकाळी उठून काय खातात, रांग कुठे लावतात, कुणाला घाबरतात, हे बघा.

यावरून एक आठवलं. दिवाळी अंकातली एक दीर्घकथा होती, काही दशकांनंतरची बुडालेली सांगली. 'आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं आणि शहर नकाशावरून पुसलं गेलं.' (आयर्विन हा आमचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथेच मोजतात.) आमच्या गावभागातल्या एका परीक्षकाने लिहिलं, 'अंगावर काटा आला.' मी त्याला विचारलं, "२०१९ ला पाणी किती होतं रे?"

"सत्तावन्नच्या वर."

"आणि धोका पातळी?"

"पंचेचाळीस." मग थोडा वेळ काही बोलला नाही. "आयला, मावशी."

आठ दिवस माळ्यावर काढलेल्या माणसाला ही चूक दिसली नाही, कारण त्याने कथा वाचलीच नव्हती. तो स्वतःचा पूर आठवत बसला होता. नऊशे शब्दांच्या परीक्षणात सहाशे शब्द त्याचे, त्याच्या आईचे आणि बोटीचे. ते सहाशे शब्द मी वेगळे काढून स्वतंत्र लेख म्हणून छापले, आणि त्या अंकाच्या प्रती लोक शोधत आले. त्याने लिहिलेलं ते आजवरचं सगळ्यात चांगलं. पण ते परीक्षण नव्हतं. उद्याची भीती दाखवणारा लेखक जर आपण पाहिलेल्या कालच्यापेक्षाही कमी दाखवत असेल, तर तो फोडून सांगायचा मुद्दा होता, आणि तो सांगायला सांगलीकरापेक्षा योग्य माणूस कोण होता?

बाकीच्या चुका भराभर.

'ओघवती शैली', 'खिळवून ठेवते', 'एका बैठकीत वाचून काढलं'. ही तीन वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चालतात, म्हणून कुठल्याच चालत नाहीत.

मलपृष्ठावरचा मजकूर दोन शब्द फिरवून पाठवू नका. मलपृष्ठ मीही वाचते.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. पात्रं 'मी तुझ्यावर पुरेसा रागावलेलो आहे' असं बोलत असतील तर तो दोष मूळ लेखकाच्या माथी मारू नका.

मालिकेतला तिसरा भाग आधीचे दोन न वाचता घ्यायचा, आणि वर 'पात्रांची ओळख नीट करून दिलेली नाही' अशी तक्रार. नको.

मित्राच्या पुस्तकावर लिहायचं असेल तर तसं पहिल्याच ओळीत सांगा. नाहीतर लिहू नका. सांगली लहान आहे, कोण कुणाबरोबर भडंग खातं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

पात्रांची नावं चुकवू नका. किंमत, पानं, प्रकाशक लिहा. तारे देऊ नका, मी ते खोडते.

आणि घाई. नव्या मंडळींना आज पुस्तक, उद्या परीक्षण, परवा नाव छापून हवं असतं. पी हळद आणि हो गोरी. मी वाचून झाल्यावर पुस्तक किमान तीन दिवस बाजूला ठेवते. चौथ्या दिवशी जे आठवतं ते लिहिते आणि मगच पुस्तक उघडून पडताळते. नायकाचं नावच आठवलं नाही, तर ते आधी लिहिते. गेल्या महिन्यात एकाचं परीक्षण रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. चांगलं गुळगुळीत होतं, एकही चूक नाही, एकही पान क्रमांक नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात सहज चौकशी केली. पुस्तक ३८० पानांचं, आणि त्याने ते नेलं होतं त्याच दिवशी संध्याकाळी सहाला. फोन करून विचारलं, तर म्हणाला, "मावशी, वाचायचंय अजून. पण परीक्षण तेवढं घ्या की."