४१६००१ : मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत

कोल्हापुरात शाहूपुरीच्या पत्त्यावर लिहिला जाणारा ४१६००१ हा पिनकोड निव्वळ एक पूर्ण संख्या मानून तिचे गुणधर्म कागद-पेन्सिलीने काढता येतात. त्यासाठी प्रथम मूळ अवयव शोधावेत, कारण पुढचे जवळपास सर्व काही त्यांवरच उभे असते.

सुरुवातीला शोधाची मर्यादा ठरवावी. ६४५ चा वर्ग ४१६०२५ येतो, म्हणजे आपल्या संख्येचे वर्गमूळ ६४५ पेक्षा किंचित कमी आहे. म्हणून ६४४ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर संख्या मूळ ठरेल. एकक स्थानी १ असल्याने २ आणि ५ बाद होतात. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकाच वजाबाकीत होते: ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे शेवटचे तीन अंक आणि उरलेला भाग यांतील फरक, म्हणजे ४१६ − १ = ४१५, तपासला की पुरे. त्याला तिघांपैकी कोणीही नि:शेष भागत नाही.

३ ने भागल्यावर १३८६६७ उरतात आणि मर्यादा लगेच ३७२ वर येते. अनेक विद्यार्थी येथे जुनीच मर्यादा धरून बसतात आणि विनाकारण दमतात. प्रत्येक अवयव मिळताच वर्गमूळ नव्याने काढावे. १७ व १९ ने बाकी उरते. २३ ची पाळी आली की भागाकार मांडण्यापूर्वी संख्येकडे नीट पाहावे: १३८ म्हणजे २३ × ६ आणि ६६७ म्हणजे २३ × २९, त्यामुळे १३८६६७ = २३ × ६०२९ हे डोळ्यांनीच दिसते. अशी जागा सापडण्याचा आनंद यंत्रावर उत्तर पाहून मिळत नाही.

आता मर्यादा अवघी ७७. २३ पासून ७३ पर्यंतच्या तेरा मूळ संख्या तपासाव्यात. ४१ ने बाकी २ उरते, ६७ ची नव्वदपट ६०३० होऊन एकाने हुकते. इतकी जवळीक असल्यामुळे येथे घाई करू नये. एकानेही भाग जात नाही, म्हणून ६०२९ मूळ आहे आणि ४१६००१ = ३ × २३ × ६०२९.

तीन भिन्न मूळ अवयव एकेकदाच आल्याने विभाजक २ × २ × २ = ८ होतात. त्यांची बेरीज ४ × २४ × ६०३० = ५७८८८०. त्यातून संख्या स्वतः वजा केली की १६२८७९ उरतात, जे संख्येपेक्षा कमी आहेत. म्हणून ही न्यून संख्या आहे. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या २ × २२ × ६०२८ = २६५२३२ आहेत.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का, हे पाहताना मात्र सावध राहावे. ४ ने भागल्यास बाकी १ येते, त्यामुळे उत्तर होकारार्थी वाटते. पण ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो, आणि येथे ३ व २३ हे दोन्ही तसे असून एकेकदाच आले आहेत. म्हणून तशी बेरीज अशक्य आहे.