घोट्यावरचा काळा डाग आणि पायांच्या फुगलेल्या शिरा

पायांच्या शिरांचा आजार पाहायचा असेल, तर तो माणूस उभा असताना पाहावा. आडवे झाल्यावर फुगलेल्या शिरा ओसरतात आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतात. म्हणून भरपूर उजेडात, पाय मांडीपर्यंत उघडे ठेवून दोन-तीन मिनिटे उभे राहावे आणि घरातील कोणाला तरी ते पुढून-मागून पाहायला सांगावे.

पायांतून परतणाऱ्या रक्ताला वर हृदयाकडे चढायचे असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन ते वर ढकलतात आणि शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि शीर ताणली जाऊन वेडीवाकडी होते. यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. आनुवंशिकता, गरोदरपण, वाढलेले वजन किंवा पूर्वी शिरेत झालेली गुठळी ही त्यामागची कारणे असतात. वाहतूक पोलीस, शिक्षक, केशकर्तनकार, पोळीभाजी केंद्रात दिवसभर ओट्याशी उभ्या असणाऱ्या महिला, अशा एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांना त्रास अधिक जाणवतो.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-जांभळ्या रेषा बहुधा निरुपद्रवी असतात. 3 मिलिमीटर किंवा त्याहून जाड, दोरीसारखी उठून दिसणारी शीर मात्र तपासून घ्यावी. संध्याकाळी पाय जड होणे, मोज्याचा वळ खोल उमटणे, रात्री पोटरीत गोळे येणे ही सोबतची लक्षणे होत.

माझ्या मते शिरांपेक्षाही अधिक लक्ष द्यायला हवे ते घोट्याच्या आतल्या बाजूला, किंचित वर असलेल्या त्वचेकडे. साचलेल्या रक्ताच्या दाबाने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतील लोह त्वचेत साठते आणि तिथे खाजणारा, तपकिरी-काळा, हळूहळू कडक होत जाणारा डाग पडतो. अनेकजण त्याला इसब किंवा गजकर्ण समजून वर्षानुवर्षे मलमे लावत राहतात आणि एके दिवशी साध्या खरचटण्यातून न भरणारी जखम उभी राहते. अशा जखमेवर हळद, तंबाखू किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. शिरेतील दाब कमी झाल्याशिवाय वरची कातडी धरत नाही.

निदानासाठी शिरांची डॉपलर सोनोग्राफी करावी आणि ती उभे राहून केली जाईल ना, हे आधी विचारून घ्यावे. कातडीलगतच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटे वाहत असेल, तर झडप बिघडली असे मानतात. खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, हेही त्याच तपासणीत कळते.

दाबाचे मोजे सकाळी सूज येण्यापूर्वी चढवावेत आणि रात्री काढावेत. घोटा व पोटरीचे माप घेऊनच ते विकत घ्यावेत; पुष्कळांना गुडघ्यापर्यंतचे मोजे पुरतात. मात्र मधुमेह असेल, पाऊल गार पडत असेल किंवा थोडे चालताच पोटरी दुखून थांबावे लागत असेल, तर धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय मोजे वा घट्ट पट्टी वापरू नये, कारण आधीच कमी असलेला रक्तपुरवठा त्याने आणखी घटतो. दिवसातून तीन-चार वेळा पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा मिनिटे पडावे, रोज चालावे आणि उभ्याचे काम असेल तर मधूनमधून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे. याने त्रास हलका होतो. बिघडलेली झडप मात्र दुरुस्त होत नाही.

त्यासाठी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात. ही प्रक्रिया जागा बधिर करून होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. लहान वा उरलेल्या शिरांसाठी फेसाळ औषधाचे इंजेक्शन देतात. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीती स्वाभाविक आहे. परंतु पायातील बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच परतते, त्यामुळे त्या निरोगी असल्यास बिघडलेली शीर बंद करणे हिताचेच ठरते. गरोदरपणात फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा ओसरतात, म्हणून तेव्हा घाई करू नये.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर उभे राहू नये. आडवे होऊन पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने त्या जागी किमान दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे आणि मग दवाखाना गाठावा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास तो चोळू नये, कारण आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.