ईआरपी आल्यावर काम मंदावलं? या चुका टाळा

नवीन ईआरपी (खरेदी, स्टॉक, विक्री असा कंपनीचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुरू झाली की पहिले काही आठवडे काम रेंगाळतंच, लोकांचा हात बसायला वेळ लागतो. पण तीन महिन्यांनंतरही डिस्पॅच अडकत असेल, तर सॉफ्टवेअरला नावं ठेवण्याआधी मास्टर डेटा, म्हणजे वस्तू आणि पुरवठादारांची सिस्टीममध्ये भरलेली मूळ माहिती, उघडून बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच असते. टार्गेट या अमेरिकी रिटेल कंपनीने 2013 मध्ये कॅनडात दुकानं उघडताना हजारो वस्तूंची माहिती घाईघाईत भरली. कुठे सेंटिमीटरच्या जागी इंच, कुठे लांबी-रुंदीची अदलाबदल. गोदामं तुडुंब आणि दुकानांतले रॅक रिकामे! 2015 मध्ये सगळी 133 दुकानं बंद झाली. कारणं आणखीही होती, पण रिकाम्या रॅकमुळे गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही.

सिस्टीममध्ये माल दिसतो आणि रॅकवर नाही, असं झालं की लगेच स्टॉक अ‍ॅडजस्ट करू नका. त्याने चूक झाकली जाते. आधी युनिट तपासा: खरेदी किलोत, इश्यू (गोदामातून वापरासाठी माल देणं) नगांत आणि रूपांतराचा आकडा चुकलेला, तर प्रत्येक इश्यूगणिक फरक वाढत जातो. मग बीओएम (एक वस्तू बनवायला काय, किती लागतं याची यादी) प्रत्यक्ष वापराशी ताडून बघा. निगेटिव्ह स्टॉकची (शिल्लक शून्याखाली जाऊ देण्याची) मुभा चालू असेल, तर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) व्हायच्या आधीच माल वापरला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लीड टाइमचंही तेच. पुरवठादाराला माल पोचवायला 20 दिवस लागतात आणि मास्टरमध्ये 7 लिहिलेत, तर प्रत्येक ऑर्डर उशिराच निघणार. बोलणी मात्र खरेदी विभाग खाणार.

ऐन हंगामात गो-लाइव्ह करू नका. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं काम 30 महिन्यांत उरकून 1999 च्या जुलैत, हॅलोविनच्या ऑर्डरी येऊ लागल्या असताना, नवी सिस्टीम सुरू केली. माल तयार असूनही सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत.

आणि कुणी अजून एक्सेल शीट ठेवत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या शेजारी दिवसभर बसा. एका साध्या नोंदीसाठी त्याला किती स्क्रीन उघडाव्या लागतात ते मोजा, आणि आधी त्या कमी करून घ्या.