विकास आराखड्यावर हरकत घेताय? आधी या चुका टाळा

विकास आराखड्यावर, म्हणजे गावातली कुठली जमीन पुढे कशासाठी वापरायची हे दाखवणाऱ्या नकाशावर, हरकती-सूचना मागवल्याची नोटीस लागली की आमच्या भागात पहिले तीन आठवडे कुणी ब्र काढत नाही. मुदत संपायच्या आदल्या रात्री मात्र माझा फोन वाजायला लागतो. "काका, तुमच्याकडे हरकतीचा नमुना असेल ना? नुसतं नाव टाकून देतो." मी पेशाने आरेखक. नकाशे काढण्यात आणि वाचण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लोक हक्काने विचारतात, आणि त्यांनी विचारावं असं मलाही वाटतं. पण पंचवीस दिवस घरी बसून शेवटच्या रात्री नमुना मागणाऱ्याला मी तो देत नाही. त्याचं कारण सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी याच एका गोष्टीने झालेलं पाहिलंय.

एकाच मजकुराच्या तीनशे झेरॉक्स

आमच्या गावात जुन्या जिनिंग मिलच्या मागे एक मोकळं मैदान आहे. मुलं तिथे क्रिकेट खेळतात आणि शेजारच्या शाळेला स्वतःचं मैदान नसल्यामुळे तिची कवायतही तिथेच होते. प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्यात त्या जागेवर भाजी मंडई आणि दुकानांचं संकुल दाखवलं गेलं. लोक चिडले, आणि ते चिडणं बरोबरच होतं. एका उत्साही मुलाने रात्रीत मजकूर टाइप केला, सकाळी तीनशे बारा प्रती काढल्या आणि दारोदार सह्या घेतल्या. मी तेव्हा बाहेरगावी होतो. परत आलो तोवर गठ्ठा जमा झाला होता.

सुनावणीच्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळेला बोलावलं. मजकूर एकच म्हटल्यावर हरकती ऐकणारी नियोजन समिती दुसरं काय करणार? अध्यक्षांनी फाइल उघडून विचारलं, "साइट नंबर ४७ ना? ती तर एसटी स्टँडशेजारची पार्किंगची जागा आहे. पार्किंगला तुमचा विरोध कशासाठी?" मैदानाचा साइट नंबर, म्हणजे आराखड्यात त्या जागेला दिलेला क्रमांक, होता ४१. टाइप करताना झालेली एक चूक तीनशे बारा वेळा छापली गेली होती. सही करण्याआधी कुणीही नकाशा उघडून पाहिला नव्हता. त्या दालनात आमच्यापैकी एकाकडेही नकाशाची प्रत नव्हती.

मैदानाला वाचवलं ते एका आजींच्या कागदाने. त्यांचं परसदार मैदानाकडेच उघडतं. त्यांनी नातवाच्या वहीचा रेघी कागद फाडून स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. शेजारच्या घराच्या मालमत्ता पत्रकावरून मैदानाचा सिटी सर्व्हे नंबर उतरवून घेतला होता. पावसाळ्यात गल्लीचं पाणी मैदानाच्या उत्तर कोपऱ्यात उतरतं, तिथे बांधकाम झालं तर ते आमच्या घरांत शिरेल, असं त्यात होतं. शाळेची मुलं कुठल्या वारी, किती वाजता कवायतीला येतात तेही होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की मंडई हवीच आहे, पण ती रस्त्याच्या बाजूच्या पट्ट्यात घ्या आणि मागचा भाग मुलांना ठेवा. समितीने आजींना वीस मिनिटं प्रश्न विचारले. अंतिम आराखड्यात मैदानाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग क्रीडांगण म्हणून राहिला. ते पूर्ण वाचायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्या तीनशे बारा जणांनी आपापल्या खिडकीतून काय दिसतं एवढं जरी लिहिलं असतं, तरी सगळं मैदान वाचलं असतं.

नियोजन समितीत कोण असतं, हेही लक्षात घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यांनी तुमचं मैदान पावसाळ्यात पाहिलेलं नसतं. तुम्ही पाहिलेलं असतं, आणि समितीला तुमच्याकडून नेमकं तेच हवं असतं.

माझी स्वतःची रीत सांगतो. नोटीस आली की पहिल्याच आठवड्यात पालिकेच्या कार्यालयात जातो, नकाशा तिथेच उभ्याने पाहतो, मग पैसे भरून भाग नकाशा, म्हणजे आपल्या भागापुरती नकाशाची प्रत, घेतो. तो हातात धरून प्रत्यक्ष जागेवर जातो आणि चारही बाजूंनी चालतो. लिहायला बसतो ते त्यानंतरच. पहिल्या ओळीत गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, साइट नंबर आणि नकाशाचा शीट नंबर. खाली आज तिथे काय आहे, आराखड्यात काय दाखवलंय, काय असायला हवं आणि का. एक पान, एक फोटो. एवढं करायला दोन सकाळी लागतात. "इतका वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, हा आराखडा साधारण वीस वर्षं तुमच्या डोक्यावर राहणार आहे.

प्रस्तावित नकाशा पाहायचा आणि विद्यमान सोडून द्यायचा

सगळे थेट प्रस्तावित नकाशावर तुटून पडतात. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच, आज कुठे काय आहे ते दाखवणाऱ्या विद्यमान जमीन वापर नकाशात होते. आमचं मैदान त्यात "रिक्त" असं नोंदलेलं होतं. रिक्त म्हटल्यावर आखणी करणाऱ्याने तिथे मंडई टाकली, तर त्याला दोष कसा द्यायचा?

मुंबईचं उदाहरण सगळ्यांनी ध्यानात ठेवावं असं आहे. २०३४ सालापर्यंतचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. लोकांनी, संस्थांनी, वास्तुरचनाकारांनी एकेका जागेवर बोट ठेवून चुकीच्या नोंदी दाखवल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप बाजूला ठेवून दुरुस्त करून आणायला सांगितलं. सुधारित प्रारूप २०१६ च्या मे महिन्यात आलं आणि आराखडा अमलात यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. "आराखडा लोकविरोधी आहे" असं मोघम लिहिलेल्या कागदांनी हे घडलं नसतं. या जागेवर ही इमारत उभी आहे आणि तुम्ही तिच्यातून रस्ता नेलाय, असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं.

लहान चुका, पण दर वेळी होणाऱ्या

हरकत दिली आणि पोहोच घेतली नाही. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर पानभर लिहिलं, कार्यालयात एक ओळही दिली नाही. ते समितीपुढे जातच नाही.

आमदारांना निवेदन दिलं म्हणून निर्धास्त राहिलात. निवेदन जरूर द्या, पण हरकत वेगळी आणि मुदतीतच द्यायची. राजपत्रात नोटीस आल्यापासून बहुधा तीस दिवस असतात. पुढे मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

हरकत लिहिली, सुनावणीला गेला नाहीत. म्हणणं मांडायची संधी कायद्याने दिलेली आहे, ती अशी वाया घालवणं मला पटत नाही. स्वतःला जमत नसेल तर कुणाला तरी लेखी अधिकार देऊन पाठवा.

हिरवा रंग पाहिला की बाग झाली असं समजणं

"आपल्याकडे बाग येणार, नकाशात हिरवं दाखवलंय." हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. आरक्षण म्हणजे नकाशावर जागा राखून ठेवणं, बाग नव्हे. जमीन ताब्यात घेतली नाही, तर अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांनी मालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि जमीन मालकाला मोकळी मिळते. यात मालकाचं काही चुकत नाही. त्याने तरी आपली जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? चूक आपली असते, कारण दहा वर्षांत एकदाही आपण अंदाजपत्रकात त्या जागेसाठी तरतूद केली का, असं विचारलेलं नसतं. मी घराभोवतीच्या आरक्षणांची यादी डायरीत ठेवतो. प्रत्येकापुढे दहावं वर्ष कधी लागतं ते लिहिलंय, आणि दर जानेवारीत अंदाजपत्रकाच्या आधी एक पत्र टाकतो.

आराखडा मंजूर झाला म्हणजे विषय संपला, हीसुद्धा तशीच चूक. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल होतात. त्याची नोटीस वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बारीक टायपात येते आणि हरकतीला महिनाभर मिळतो. ती पानं वाचायची सवय लावा.

चित्र कसं असावं यावर भांडायचं, भिंत पाहायचीच नाही

हा माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. चौकात शिल्प, पुलाखाली चित्रं, घाटावर रंगकाम असं काही निघालं की लोकांची मतं फक्त चित्राबद्दल असतात. कुणाचा चेहरा घ्यावा, फेटा कुठल्या रंगाचा असावा. जागेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या नदीघाटावर काळ्या दगडाची जुनी भिंत आहे, सांधे चुन्याचे. शहर सुशोभीकरणात तिच्यावर चित्रं काढायचं ठरलं. दोन बैठका झाल्या, दोन्ही चित्रात कुणाला घ्यायचं यावर खर्ची पडल्या. मीही तिथे होतो आणि मीही भिंतीबद्दल बोललो नाही. ते मला अजून सलतं, कारण मला ते कळायला हवं होतं. भिंतीच्या मागे माती आहे आणि मातीतली ओल दगडांच्या सांध्यांतून बाहेर पडते. त्यावर ऑइल पेंटचा थर चढला आणि ओलीची वाट बंद झाली. पहिल्याच पावसाळ्यानंतर लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा क्षार, वर आला, चेहऱ्यांचे पोपडे सुटले. दुसऱ्या वर्षी सांध्यांतला चुना भुसभुशीत होऊन गळायला लागला. दोनशे वर्षं काही न करता उभी राहिलेली भिंत आपण रंगवून दुबळी केली. आता तो रंग काढायचा तर घासून दगड जखमी होतो, आणि ठेवायचा तर चुना जातो.

म्हणून मी आता एकच आग्रह धरतो. दगडी, चुन्याच्या जुन्या बांधकामावर रंग नको. सिमेंटच्या गिलाव्यावर, आधी गळती काढून, खुशाल रंगवा. आणि पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च कोण करणार, हे कामाच्या आदेशातच लिहून घ्या.

पुतळ्यांच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवं, कारण तिथे आपल्या श्रद्धा गुंतलेल्या असतात आणि प्रश्न विचारणारा वाईट ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असं राज्यांना सांगितलंय. तरी चौथरा आधी आणि परवानगी मागून, हा क्रम चालूच आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. आपली मान्यता सहा फुटी मातीच्या प्रतिकृतीला होती, असं तेव्हाच्या कला संचालकांनी नंतर सांगितलं. ज्याला महाराजांबद्दल खरा आदर आहे, त्याने हे आधीच विचारायचं असतं: मान्यता किती उंचीला आहे? वाऱ्याच्या जोराचा हिशोब कुणी केला? आतला सांगाडा खाऱ्या हवेत किती टिकेल?

पुतळा म्हणजेच सार्वजनिक कला, हा समजही सोडायला हवा. मुंबईच्या काळा घोडा चौकातला, घोड्यावर बसलेल्या एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला, तो आता राणीच्या बागेत आहे. चौकाचं नाव मात्र पन्नास वर्षं तसंच राहिलं. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, या वेळी स्वाराशिवाय. जागेची आठवण काय आहे हे ओळखून केलेलं ते काम मला फार आवडतं. आपल्या गावात असं काय आहे, हे बैठकीत सांगा. ते बाहेरून आलेल्या सल्लागाराला ठाऊक नसतं.

यंदा आमच्याकडे उड्डाणपुलाखालच्या खांबांवर चित्रं काढायचा प्रस्ताव आलाय. विषय सुचवायची घाई सगळ्यांना होती. मी सहा जणांना भर पावसात छत्र्या घेऊन पुलाखाली नेलं. नवव्या आणि दहाव्या खांबावरून पाणी सरळ खाली उतरत होतं, वरची पन्हाळी फुटलेली होती. तिथेच फोटो काढले. सूचनेत पहिला मुद्दा पन्हाळीच्या दुरुस्तीचा लिहिला, दुसरा देखभालीचा आणि तिसरा चित्रांच्या विषयाचा. सोमवारी सकाळी ती दिली. उत्तर अजून आलेलं नाही, आवक क्रमांक डायरीत लिहून ठेवलाय.